‘मोटिव्हेट कर’ म्हणण्याआधी: मागे पडणाऱ्या सहकाऱ्याचे काम नेमके कुठे अडते

प्रश्न असा आहे. चाकणच्या परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नुकताच शिफ्ट इन्चार्ज झालेला तरुण अभियंता विचारतो: ‘माझ्याकडे बारा ऑपरेटर आहेत. दहा जणांचे काम व्यवस्थित चालते, दोघे मात्र सतत मागे असतात. एकाचे रिजेक्शन, म्हणजे मापात न बसल्याने नाकारले गेलेले नग, जास्त; दुसऱ्याचे उत्पादन कमी. समजावून झाले, रागावून झाले, इन्सेंटिव्हची आठवण करून देऊन झाली. विभागप्रमुख म्हणतात, त्यांना मोटिव्हेट कर, तेच तर तुझे काम. म्हणजे मी नेमके काय करायचे?’

मी सव्वीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढली, त्यातील सोळा वर्षे आधी शिफ्ट आणि नंतर विभाग सांभाळण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की ‘मोटिव्हेट कर’ या सल्ल्यात एक गृहीतक दडलेले आहे: समोरच्या माणसाला काम येते, ते करण्याची सोय त्याच्याकडे आहे, आणि तो ते मुद्दाम करत नाही. असे गृहीत धरले की उपायही ठरून जातो, आधी गोड बोलायचे आणि मग दटावायचे. माझ्या हाताखाली मागे पडलेल्या माणसांपैकी खरोखर हात राखून काम करणारे फार थोडे होते. बाकीच्यांपैकी कोणाला नेमके काय अपेक्षित आहे हे कोणी सांगितलेलेच नव्हते, कोणाला ते जमत नव्हते आणि तसे सांगायची लाज वाटत होती, तर कोणाला जमत होते पण करू दिले जात नव्हते. उत्पादनाच्या फलकावर या सगळ्यांचा आकडा सारखाच दिसतो, आणि तेथेच आपली फसगत होते.

म्हणून त्या दोघांशी बोलण्यापूर्वी आकडे नीट वाचावेत. समजा, एकाच प्रकारच्या कामावर तुमच्या गटात दर शिफ्टला, दर ऑपरेटरमागे सरासरी ९ नग रिजेक्ट होतात. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाच्या तिपटीपर्यंत जातो, म्हणजे ९ चे वर्गमूळ ३, त्याची तिप्पट ९: सरासरीहून ९ ने वर किंवा खाली. एखाद्या दिवशी कोणाचे १४ नग गेले आणि शेजारच्याचे ५, तर त्या एका दिवसावरून दोघांच्या कसबाविषयी काहीही सिद्ध होत नाही. मात्र सोळा शिफ्टची सरासरी काढली की हा पट्टा सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट अरुंद होतो. आता ती सरासरी पावणेसात ते सव्वाअकरा यांच्या बाहेर गेली, तर तेथे काहीतरी खरे कारण आहे असे मानायला जागा आहे. हा हिशेब एखाद्या कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दहा मिनिटांत होतो. तो न करता आपण दर सोमवारी वेगळ्याच माणसाला ‘ढिला’ ठरवत राहतो, आणि माणसांना ते कळते.

गुणवत्तेच्या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते एडवर्ड्स डेमिंग आपल्या शिबिरांत एक प्रात्यक्षिक करून दाखवत. डब्यात पांढरे आणि लाल मणी मिसळलेले असत, त्यांपैकी वीस टक्के लाल. ‘कामगार’ झालेल्या प्रेक्षकांनी पन्नास खाचांची फळी त्यात बुडवून मणी उचलायचे. लाल मणी म्हणजे दोष. डेमिंग कमी लाल मणी आणणाऱ्याचे कौतुक करत, जास्त आणणाऱ्याला बोल लावत, घोषवाक्ये लावत, बक्षिसे जाहीर करत. लाल मणी सरासरी दहाच्या आसपासच येत राहत, कारण ते डब्यातच होते. शिफ्ट इन्चार्ज होणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा असे मला मनापासून वाटते. दुसऱ्याला बोल लावण्याची सवय सुटायला दुसरा इतका चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

तुमच्या डब्यातले लाल मणी शोधण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे माणसांची अदलाबदल. मागे पडणाऱ्या ऑपरेटरला आठवडाभर चांगल्या ऑपरेटरच्या मशीनवर आणि त्या चांगल्याला याच्या मशीनवर बसवा, काम तेच ठेवा. रिजेक्शन माणसाबरोबर गेले की मशीनवरच राहिले, ते पाहा.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला लाज वाटली होती. आमच्याकडे एका टर्निंग सेंटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, ३२ मिलिमीटरचा बोअर (आतले गोल भोक) होत असे, टॉलरन्स एच-७, म्हणजे माप चुकायला सगळी मिळून २५ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) जागा. माणसाचा केसही याहून जाड असतो. त्या मशीनवरचा मुलगा परभणीकडचा, आयटीआय झालेला, कंत्राटी. पहिल्या शिफ्टला त्याचे रिजेक्शन हमखास जास्त. मी त्याला दोनदा सर्वांसमोर बोललो होतो. अदलाबदल केली आणि आमचा सर्वांत कसलेला ऑपरेटर त्या मशीनवर बसला, तेव्हा पहिल्या तासात त्याचेही नग गेले. फरक इतकाच की तो जुना असल्यामुळे त्याने मला थेट सांगितले: या मशीनवर तिसरी शिफ्ट बंद असल्याने ते रात्रभर थंड पडते, सकाळी तापेपर्यंत माप सरकत राहते, आणि उत्पादनाची मोजणी मात्र सात वाजल्यापासून सुरू होते, त्यामुळे मशीन गरम करायला कोणालाच वेळ नसतो. शिवाय टूलचा ऑफसेट, म्हणजे माप दुरुस्त करणारा मशीनमधला आकडा, बदलण्याची परवानगी फक्त सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला. सेटर एक आणि मशीन सात. त्या मुलाला माप सरकताना दिसत होते, पण दुरुस्त करण्याचा अधिकार नव्हता, आणि मशीन थांबवून सेटरची वाट पाहिली की उत्पादन कमी भरत असे. म्हणजे तो काहीही करो, त्याच्या नावावर एक तरी दोष लागणारच होता. आम्ही सकाळी पंधरा मिनिटे वॉर्म-अप मोजणीतून वगळले, ठरावीक मर्यादेत ऑफसेट द्यायला त्याला शिकवले आणि तशी लेखी परवानगी दिली. पुढे दोन महिन्यांत तो त्या ओळीतला भरवशाचा माणूस झाला. मी त्याला प्रेरणा दिली असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. त्याच्या वाटेत आम्हीच ठेवलेले दगड आम्ही उचलले. आणखी एक गोष्ट मी केली, जी केली नसती तर मला आजही बोचली असती: ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो, त्यांच्याचसमोर माझी चूक सांगितली.

‘जमत नाही’ हा प्रकार ओळखायला अधिक अवघड असतो, कारण माणूस तो लपवतो. आमचा एक जुना ऑपरेटर, पंचेचाळिशीच्या आसपासचा, वीस वर्षांचा हात, अचानक संथ झाला. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ, तोच, पण दोन नगांच्या मधला वेळ वाढला. मापे तपासताना तो बोअर गेज परत परत फिरवून पाही, ड्रॉइंग वाचायचे टाळे, नवीन काम आले की चिडे. सगळ्यांचे निदान ठरलेले होते: डिप्लोमा झालेला पोरगा इन्चार्ज झाला म्हणून याचे डोके फिरले. वस्तुतः त्याला चाळिशी लागली होती. डायलवरचे बारीक आकडे दिसत नव्हते, आणि वीस वर्षे ज्याला लोक ‘मशीनचा आवाज ऐकून माप सांगतो’ म्हणत, त्याला चष्मा लावून शॉपवर उभे राहणे कमीपणाचे वाटत होते. त्याला एकट्याला डोळे तपासून ये म्हटले असते तर तो दुखावला असता. आम्ही कँटीनच्या शेजारच्या खोलीत सगळ्यांचीच नेत्रतपासणी ठेवली, सुरुवात माझ्यापासून केली. मलाही नंबर निघाला. गेजशेजारी चांगला दिवा लावला. महिनाभरात त्याचा वेग परत आला. हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ‘वृत्ती बदलली’ असा शेरा आपण फार सहज मारतो. एरवी चांगले काम करणारा माणूस अचानक घसरला, तर स्वभावावर जाण्यापूर्वी शरीर, झोप आणि घर यांची चौकशी करावी. झोपेचेच पाहा: चार-पाच कामगार एका पत्र्याच्या खोलीत राहतात, त्यांतले दोघे तिसऱ्या शिफ्टला आणि बाकीचे पहिल्या. दुपारी त्या तापलेल्या खोलीत झोप लागत नाही. अशा माणसाला पहाटे चार वाजता उत्साहाचे भाषण देण्यापेक्षा, एकाच खोलीतल्या मुलांना एकाच शिफ्टला लावणे अधिक उपयोगी ठरते. आमच्याकडे ते करायला केवळ यादी नव्याने मांडावी लागली.

आता रागावण्याविषयी. ‘मी झापले आणि दुसऱ्या दिवशी काम सुधारले’ हा अनुभव प्रत्येक इन्चार्जला असतो आणि तो खोटा नसतो, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना हेच इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांकडून ऐकायला मिळाले होते: शिकाऊ वैमानिकाचे कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते, ओरडलो की सुधारते. कानमन यांनी दाखवून दिले की अतिशय चांगल्या उड्डाणानंतरचे उड्डाण बहुधा सरासरीकडे झुकते, अतिशय वाईटानंतरचेही तसेच झुकते, ओरडा किंवा न ओरडा. आपण माणसाला त्याच्या सर्वांत वाईट दिवशी बोलतो, त्यामुळे पुढचा दिवस बरा जाणारच असतो आणि श्रेय मात्र आपल्या आवाजाला मिळते. वर्षानुवर्षे असे श्रेय मिळत गेले की चांगल्या स्वभावाचा माणूसही कठोर होतो. मी झालो होतो.

बोलायचे तर आहेच, पण कसे? लाइनवर, मशीनच्या आवाजात, इतरांच्या देखत नको. काचेच्या केबिनमध्येही नको, कारण बाहेरचे सगळे पाहत असतात आणि आत गेलेला माणूस तुमचे ऐकण्यापेक्षा बाहेर काय दिसत असेल याचा विचार करत असतो. चहाच्या वेळी कँटीनकडे चालत जाताना मला नेहमी अधिक कळले. ‘का होत नाही?’ असे विचारले की माणूस कारणे देतो, ‘कुठे अडते?’ असे विचारले की तो जागा दाखवतो. मशीनजवळ जाऊन ‘काका, हा जॉब लावून दाखवता का, मला पाहायचे आहे’ म्हणा आणि मग खरोखर अर्धा तास गप्प उभे राहा. त्या अर्ध्या तासात फिक्स्चर (नग धरून ठेवणारी पकड) किती वेळा साफ करावे लागते, इन्सर्ट (टूलचे बदलायचे धारदार टोक) आणायला स्टोअरपर्यंत किती खेपा होतात, गेज कोणाकडे मागावे लागते, हे सगळे दिसते.

संबोधनाकडे लक्ष द्या. तुम्ही वयाने लहान आहात. शॉपवर वडीलधाऱ्यांना काका, मामा, भाऊ म्हणण्याची पद्धत आहे आणि ती सोडू नये. रागाच्या भरात ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले की माणूस त्यापुढचे शब्द ऐकतच नाही, त्याला तेवढा एक शब्द आठवडाभर ऐकू येत राहतो. याच्या उलट, जवळच्या सहकाऱ्याला नेहमी ‘अरे’ म्हणत असाल आणि चूक दाखवताना अचानक ‘आपण’वर आलात, तर तेही त्याला मेमोइतकेच थंड वाटते. काम कितीही बिघडलेले असो, नेहमीचे संबोधन तसेच राहू द्यावे.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास भारतीय कार्यस्थळांसाठी एक मांडणी केली, ती मला आपल्या मातीला धरून वाटते. त्यांच्या मते येथे माणसे आपुलकी दाखवणाऱ्या वरिष्ठाकडून मार्गदर्शन घेतात, मात्र ती आपुलकी कामाशी जोडलेली हवी: काम नीट करणाऱ्याच्या वाट्याला ती अधिक आली पाहिजे, आणि माणूस तयार होत गेला की वरिष्ठाने हळूहळू बाजूला होऊन त्याला निर्णयात सामील करून घेतले पाहिजे. यातला दुसरा भाग आपण विसरतो. मुलीच्या लग्नाला जातो, दवाखान्यात भेटायला जातो, उचल मंजूर करून देतो, आणि मग कामाचे बोलायला जीभ वळत नाही. किंवा कायम बोट धरून ठेवतो आणि तक्रार करतो की माणसे जबाबदारी घेत नाहीत. दवाखान्यात जरूर जावे. परत आल्यावर रिजेक्शनविषयीही तितक्याच सरळपणे बोलावे.

उद्दिष्ट देताना जो शिकतो आहे त्याला संख्येचे उद्दिष्ट देऊ नका. ‘दिवसाला १४० नग’ हे ज्याला काम येते त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याला येत नाही तो त्या आकड्याच्या धास्तीने माप न पाहताच नग पुढे ढकलतो. त्याला सांगावे: या आठवड्यात इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले तीन नग सेटरला न बोलावता मापात बसवायचे. हे जमले की नाही हे त्यालाच कळते, दुसऱ्याने फलकावर लिहायची गरज नसते. लाइनशेजारी स्किल मॅट्रिक्सचा तक्ता असतोच, कोणाला कोणते काम किती येते ते वर्तुळे भरून दाखवणारा. त्यातल्या वर्तुळाचा पाव भाग वाढवायचा तर तो त्याच्या समोर, त्या दिवशीच भरावा. वर्षाअखेरीस ऑडिटच्या आदल्या रात्री सगळी वर्तुळे एकदम काळी करणाऱ्या विभागांत तो तक्ता कोणीही मानत नाही.

इन्सेंटिव्हविषयी थोडक्यात सांगतो. निव्वळ नगांच्या संख्येवर पैसे लावले की वाईट नग चिप्सच्या, म्हणजे धातूच्या कातरणांच्या, ट्रॉलीत तळाशी जातात. माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मागे पडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर ती रक्कम नेहमी हाताबाहेरच असते, त्यामुळे तिची आठवण करून देणे म्हणजे त्याला दर महिन्याला तू यात नाहीस असे सांगणे होय.

कंत्राटी मुलांच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे, आणि ती टाळून प्रेरणेविषयी बोलणे मला अप्रामाणिक वाटते. शेजारच्या मशीनवर तेच काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार कितीतरी अधिक असतो आणि काही महिन्यांनी आपल्याला ब्रेक मिळणार, म्हणजे काम थांबवले जाणार, हे त्या मुलाला ठाऊक असते. हा प्रश्न शिफ्ट इन्चार्जच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढेच आहे की ‘चांगले काम कर, पर्मनंट करू’ हे खोटे आश्वासन कधीही देऊ नये. एकदा ते खोटे ठरले की पुढच्या दहा तुकड्यांपर्यंत त्याची बातमी पोहोचते. त्याऐवजी त्याला असे काही शिकवा जे त्याच्याबरोबर जाईल: ऑफसेट देणे, प्रोग्रॅम वाचणे, सेटिंग करणे, आणि जाताना त्याने काय काय केले याचे नेमके शब्द असलेले पत्र. यासाठी मुले जीव लावून काम करताना मी पाहिली आहेत.

उरला चौथा प्रकार, ज्याला माहीत आहे, जमते, सोयही आहे आणि तरी करायचे नाही. त्यातही आधी विचारावे की मन कधी उडाले. बऱ्याचदा एक तारीख निघते: डावलली गेलेली बढती, न मिळालेली रजा, चोरीला गेलेले श्रेय. ती तक्रार रास्त असेल तर मान्य करावी, दुरुस्त करता येत असेल तर करावी, येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. यानंतर मात्र सहा आठवड्यांची मुदत, काय बदलायला हवे याची लेखी नोंद आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटांची भेट, इतके पुरेसे असते. बदल दिसला तर त्याच दिवशी सांगावे. नाही दिसला तर आधी कामाचा प्रकार बदलून पाहावा, आणि मग कारखान्याच्या स्थायी आदेशांप्रमाणे (नोकरीच्या लेखी नियमांप्रमाणे) नोटीस, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, चौकशी, हा मार्ग विनासंकोच धरावा.

येथे माझी मोठी चूक झालेली आहे. एका माणसाला मी जवळजवळ दीड वर्ष सांभाळून घेतले. त्याचे राहिलेले काम रोज शेजारचे दोघे ओढत होते, कारण ते तक्रार करणारे नव्हते. मी त्याला संधी देतो आहे असे मला वाटत होते. ती संधी त्या दोघांच्या पाठीवरून दिली जात होती हे मला त्यांच्यातल्या एकाने राजीनामा दिला तेव्हा कळले. तो माझा सर्वांत चांगला सेटर होता. निघताना त्याने एवढेच विचारले, ‘साहेब, तुम्ही माझ्याशी इतका वेळ कधी बोललात?’ तेव्हापासून मी एक नियम पाळला: मागे पडणाऱ्यासाठी आठवड्यात जितका वेळ देतो, त्याच्या निम्मा तरी न मागता काम करणाऱ्यांबरोबर घालवायचा, त्यांना काय अडते ते विचारायचे आणि त्यातली एखादी गोष्ट त्याच आठवड्यात सोडवायची.

तुमच्या दोघांविषयी इतक्या लांबून निदान करणे योग्य नाही. एकाचे रिजेक्शन जास्त आणि दुसऱ्याचे उत्पादन कमी, म्हणजे बहुधा कारणेही दोन वेगळी असतील, तेव्हा दोघांना एकत्र बोलावून एकच समज देऊ नका. गेल्या सोळा शिफ्टचे आकडे मशीनप्रमाणे आणि तासाप्रमाणे मांडा. पहिल्या तासाचा रकाना वेगळा काढा. रिजेक्शनवाल्याची आठवडाभर मशीनबदली करा. कमी उत्पादनवाल्याजवळ एका शिफ्टमध्ये सलग अर्धा तास उभे राहा, हातात वही नको. आणि विभागप्रमुखांना सांगा: ‘पंधरा दिवसांनी मी तुमच्याशी या दोघांविषयी बोलेन. कदाचित त्या वेळी मला सेटरची एक जागा आणि सकाळची पंधरा मिनिटे मागावी लागतील.’